गाडुंगाच्या तीन ओळी

पालुपीच्या घरात इंटरनेट सगळ्यात छान चालायचं ते बकऱ्यांच्या गोठ्यापाशी. जावा बेटावरच्या मेनोरेहच्या डोंगराच्या ज्या कुशीत त्यांची वाडी आहे, तिथे मोबाईलची रेंज पाहुण्यासारखी येते. आली की बसवून घ्यायची, निघाली की अडवायची नाही. तिच्या नवऱ्याने, प्राप्तोने, गोठ्याच्या कुडाला लागून बांबूचं एक बाकडं ठोकून दिलं होतं. त्यावर मांडी घालून पालुपी लॅपटॉप उघडून बसली, की मागून एखादी लांब कानांची बकरी कुडातून तोंड बाहेर काढून तिच्या हिजाबाचं टोक चघळायला लागायची.

“आला बघ तुझा पहिला वाचक,” प्राप्तो म्हणायचा. “चांगला रवंथ करून वाचतो.”

पालुपी मूळची सपाटीवरच्या वाटेस गावची. जोग्जा शहरातल्या कॉलेजात अन्नशास्त्र शिकलेली. चौदा वर्षांपूर्वी लग्न होऊन डोंगरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण इथे चार गोष्टी शिकवू. आठवडाभरात तिला कळून चुकलं की शिकवायचं राहू दे, शिकायलाच जन्म पुरायचा नाही. सासूचं नाव वागियेम, पण अख्खी वाडी तिला सिंबोक म्हणते, म्हणजे आई. सिंबोकला अक्षराची ओळख नाही. चुलीतली राख चिमटीत धरून ती कुठल्या लाकडाची आहे ते मात्र ती सांगते. पालुपी वही घेऊन तिच्या मागे मागे फिरायची.

“लिहितेस कशाला गं, न्डुक?” सिंबोक लेकीला म्हणावं तसं तिला म्हणायची. “कागद भिजतो. हात भिजला तरी विसरत नाही.”

वहीतलं पुढे ब्लॉगवर गेलं. नाव ठेवलं ‘पावोन’, म्हणजे चुलीची खोली. पालुपीची लिहिण्याची तऱ्हा ऐसपैस होती. पदार्थाकडे ती अशी जायची जसं कुणी बाजारात निघावं आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत उभं राहावं. आधी त्या दिवशीचं आभाळ, मग सिंबोकने कुणाला काय सुनावलं ते, मग बकरीने काय खाल्लं ते, आणि मग पदार्थ. लोकांना ते आवडायचं. दिवसाला चारशे माणसं यायची. खाली लिहायची, “म्बाक पालुपी, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.” म्बाक म्हणजे ताई. पालुपी ते वाचून दाखवायची आणि सिंबोक चुलीशी बसल्या बसल्या मान हलवून ते नमस्कार पदरात पाडून घ्यायची.

सगळ्यांत जास्त माणसं यायची ती गाडुंगाच्या पानावर. गाडुंग म्हणजे रानातला कंद, आपल्याकडच्या कडू करांद्याचा थोरला आणि जहाल भाऊ. त्याचे काप तळले की इतके कुरकुरीत आणि हलके होतात की माणूस ताटातले मोजायचं विसरतो. पण कच्च्यात विष असतं. नीट काढलं नाही तर घसा धरतो, डोकं गरगरतं, ओकाऱ्या थांबत नाहीत. जास्त पोटात गेलं तर माणूस हातचा जातो. ते विष कसं काढायचं याची सिंबोकची रीत तिच्या आईची होती, आणि आईची तिच्या आईची. चकत्यांना राख चोळून रात्रभर दगडाखाली दाबायच्या, उन्हात घालायच्या, मग बांबूच्या टोपलीत भरून टोपली ओढ्यात सोडायची, वेलीने खडकाला बांधून. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सिंबोक काठावर जाऊन बसायची आणि नुसती बघत राहायची. बोटाएवढे मासे टोपलीशी येऊन चकत्यांना तोंड लावायला लागले की उठायची. नाही आले तर टोपली आणखी एक दिवस पाण्यातच. “मासा ज्याला शिवत नाही, ते माणसाने खायचं नाही,” एवढाच तिचा मंत्र.

हे सगळं त्या पानावर होतं. ओढा होता, खडक होता, मासे होते, काठावर गुडघ्यांना मिठी घालून बसलेल्या सिंबोकचा फोटोही होता.

मग माणसं यायची कमी झाली. चारशेची दोनशे, दोनशेची साठ. पालुपीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिने फोटो बदलले, रंग बदलले. एके दिवशी फक्त एकवीस जण आले, त्यांतला एक प्राप्तो होता.

वाटेसला बू लास्त्री, म्हणजे लास्त्रीबाई, अशा एक निवृत्त शिक्षिका आहेत. ब्लॉग लिहिणाऱ्या बायकांचा एक गट त्यांच्या ओसरीवर महिन्यातून एकदा जमतो. सोयाबीनचं तळलेलं टेंपे, गोड चहा आणि एकमेकींची गाऱ्हाणी. त्या महिन्यात सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच निघालं.

“बायांनो, लोक आता दारापर्यंत येतच नाहीत,” बू लास्त्री चष्मा कपाळावर चढवत म्हणाल्या. “वाटेत एआय उभा असतो. लोक त्याला विचारतात, तो चार ओळींत सारांश सांगतो, लोक आपल्या वाटेने जातात. आता त्या चार ओळी तो आणतो कुठून? तुमच्या-आमच्याच चुलीवरून. ज्याचं उत्तर सगळ्यात वर आणि आटोपशीर, त्याचं उचलतो. खाली बारीक अक्षरात नाव लिहितो. शंभरातला एखादा त्या नावावर बोट ठेवतो. तो तुमचा वाचक.”

“आणि बाकीचे नव्व्याण्णव?” कुणीतरी विचारलं.

“ते उभ्या उभ्या जेवून गेले, असं समजायचं.”

हशा पिकला. बू लास्त्री पालुपीकडे वळल्या. “आणि तू गं! तुझ्या पानावर आधी आभाळ, मग सासू, मग बकरी. ताट येईपर्यंत पाहुणा भुकेने कोसळतो. उत्तर वर घे. तीन ओळी, बास. मग खाली हवी तेवढी बकरी बांध.”

पालुपीला ते लागलंही आणि पटलंही. दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बसून तिने गाडुंगाचं पान पुन्हा लिहायला घेतलं. पाल्हाळ कापता कापता तिचाच जीव खालीवर होत होता; पण कॉलेजात शिकलेलं काटेकोर लिहिणं कितीतरी वर्षांनी कामी आलं. पानाच्या माथ्यावर तीन ओळी बसल्या: “गाडुंग सोलून पातळ चकत्या करा, राख चोळून रात्रभर दाबून ठेवा आणि वाळवा. नंतर तीन दिवस पाण्यात भिजत ठेवा. पुन्हा कडक वाळवून गरम तेलात तळा.” तिने तीनदा वाचलं. एक शब्द जास्त नाही. बाकीची हकिगत निम्मी करून तळाशी ढकलली, सिंबोकचा फोटोही.

बारा दिवसांनी तिने सहज फोनमध्ये विचारलं, गाडुंगाचं विष कसं काढतात? आणि वर, सगळ्यांच्या वर, तिच्याच तीन ओळी उभ्या होत्या. खाली बारीक अक्षरात ‘पावोन’.

ती धावत चुलीपाशी गेली. फोनला ते मोठ्याने वाचायला लावलं. एका तरुण बाईच्या स्वच्छ, न अडखळणाऱ्या आवाजात गाडुंग ऐकू यायला लागलं. सिंबोकने फुंकणी खाली ठेवली आणि उगाचच लुगड्याला हात पुसले.

“कोण आहे ही?”

“कुणी नाही, बोक. यंत्र आहे.”

“हिला माझं गाडुंग कुणी सांगितलं?”

“मी.”

सिंबोकने पुन्हा ऐकलं. एकेका वाक्याला मान डोलावली. “बरोबर सांगते पोरगी,” ती म्हणाली. “हिने आता कुणाकुणाला सांगितलं?”

पालुपीने आकड्यांचं पान उघडलं. त्या बारा दिवसांत तिचं नाव अकरा हजार वेळा लोकांच्या डोळ्यांपुढे आलं होतं. बोट ठेवून आत आलेले छत्तीस.

“अकरा हजार म्हणजे किती गं?”

“आपल्या वाडीत दोनशे माणसं, बोक. अशा पंचावन्न वाड्या.”

पंचावन्न वाड्यांची माणसं सिंबोकला कुठे बसवावीत ते कळेना. पालुपीलाही ते एकदम नव्याने जाणवलं. चारशे वाचक होते तेव्हा ते चारशे वाटायचे, नावानिशी. हे अकरा हजार मात्र कुणाचाच चेहरा नसलेले, समुद्रावरच्या रात्रीच्या दिव्यांसारखे. आणि त्या सगळ्यांच्या कानात या धुरकट खोलीतलं बोलणं गेलं होतं.

“आणि यातलं कुलोनुवुन म्हणालं कोण?” सिंबोकने अखेर विचारलं.

तिथली रीतच आहे ती. दार सताड उघडं असो, घरातलं माणूस समोर दिसत असो, उंबऱ्याबाहेर उभं राहून “कुलोनुवुन” म्हणायचं. आतून “मोंग्गो” आलं की पाय टाकायचा. चुलीतला विस्तव मागायचा असला तरी, झाडाची मिरची तोडायची असली तरी.

“कुणीच नाही, बोक. तिथे तशी सोय नाही.”

“सोय कशाला लागते? तोंड लागतं,” सिंबोक म्हणाली आणि फुंकणी उचलली.

त्यानंतर नऊ-दहा दिवसांची गोष्ट. सकाळी पालुपीची पोरगी शाळेला गेली, प्राप्तो दुधाचे कॅन घेऊन संकलन केंद्रावर गेला, आणि पालुपीने बाकड्यावर बसून ब्लॉग उघडला. गाडुंगाच्या पानाखाली एक नवा मजकूर होता, आदल्या संध्याकाळी सातचा.

“कुलोनुवुन, म्बाक. मी युलियांतो. मूळचा केबुमेनचा, आता बाताम बेटावर जहाजाच्या कारखान्यात वेल्डर आहे. मला हवं ते उत्तर वरच मिळालं होतं, पण ज्याच्या परसातलं घेतलं त्याला न सांगता जाऊ नये असं आमची आजी सांगायची, म्हणून आत आलो. माझी बायको नुर्मा पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला तिच्या आईच्या हातचे गाडुंगाचे काप आठवतात. आई आता नाही. इथल्या बाजारात एका म्हातारीकडे कंद मिळाला. तुम्ही लिहिलं तसंच सगळं केलं. बादलीत भिजत घातलंय, आज दुपारी तीन दिवस पुरे झाले. उद्या दिवसभर पत्र्यावर वाळवतो आणि संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की तळतो. तिला सांगितलेलं नाही. मातुर नुवुन, म्बाक, फार उपकार झाले.”

‘कुलोनुवुन’ वाचून पालुपीला हसू आलं. सिंबोकला आधी हेच वाचून दाखवायचं, असं म्हणत ती पुढे वाचत गेली. ‘बादलीत’ या शब्दावर तिचे डोळे थांबले. पुढे सरकले. परत मागे आले.

तिने वर जाऊन स्वतःच्या तीन ओळी वाचल्या. “तीन दिवस पाण्यात भिजत ठेवा.” कुठल्या पाण्यात?

चौदा वर्षांत तिला हा प्रश्नच पडला नव्हता. गाडुंग भिजवायचं म्हणजे ओढ्यात. वाडीत कुणी “टोपली पाण्यात टाकली” म्हटलं की ऐकणाऱ्याला ओढा दिसायचा, अमुक खडक दिसायचा. जुन्या पाल्हाळात तो ओढा आपोआप वाहत होता. तीन ओळींत त्याला जागा नव्हती, आणि तो निघून गेल्याचं तिलाही कळलं नाही, सिंबोकलाही कळलं नाही. त्या दोघींच्या कानांनी तो स्वतःच भरून घेतला होता.

ती परसात गेली. सिंबोक कोंबड्यांना दाणे टाकत होती.

“बोक, गाडुंग बादलीत भिजवलं तर?”

सिंबोक खळखळून हसली. “बादलीत? आणि विष जायचं कुठे? तिथल्या तिथेच गोल गोल फिरणार ते! ओढा घेऊन जातो म्हणून तर ओढ्यात टाकायचं.” मग तिने सुनेचा चेहरा बघितला, आणि हातातले दाणे तसेच राहिले. “कुणी टाकलं?”

पालुपीने वाचून दाखवलं. पोटुशी बाई आहे, हे ऐकताच सिंबोक मटकन पायरीवर बसली.

पालुपीने ताबडतोब खाली उत्तर लिहिलं: “तळू नका. खाऊ नका. मला फोन करा.” खाली नंबर दिला. मजकूर टाकताना त्याने दिलेल्या ईमेलवरही तेच धाडलं. आकाशात हात फिरवल्यासारखं वाटलं तिला. मग बू लास्त्रींना फोन लावला.

“ईमेल कोण बघतंय दिवसा?” त्या म्हणाल्या. “वेल्डर माणूस, त्याच्या हातात आग असते. तू रडू नकोस. आधी ते पान दुरुस्त कर. त्याने एकदा वर विचारलंय ना? माणूस परत परत वरच विचारतो.”

“पण वरचं माझ्या हातात कुठे आहे, बू?”

“नाही. पण ज्यावरून ते बनतं, ते आहे.”

पालुपीने लॅपटॉप उचलून चुलीपाशी आणला. रेंज नसली तरी लिहिता तर येतं. “बोक, या वेळी तुम्ही सांगा. मी शब्द न शब्द लिहिते.”

सिंबोकने पदर सावरला, जणू समोर कुणी बसलं होतं. “सांग त्यांना, गाडुंग वाहत्या पाण्यातच भिजवायचं. बादली नाही, टप नाही, टाकी नाही. थांबलेल्या पाण्यात विष थांबून राहतं. ओढा नसेल तर गाडुंग करू नका, बाजारातून तयार आणा, त्यात कमीपणा नाही. आणि सांग, मासा ज्याला शिवत नाही, ते माणसाने खायचं नाही.”

पालुपीने ते सगळ्यात वर टाकलं. तीन ओळी नव्हत्या, पाच झाल्या. होऊ देत. गोठ्यापाशी पळत जाऊन तिने पान चढवलं. शोधयंत्राला ‘हे पान पुन्हा पाहून घ्या’ अशी विनंती धाडायची एक सोय असते, तीही केली. मग फोनमध्ये विचारलं, गाडुंगाचं विष कसं काढतात?

त्या स्वच्छ आवाजाने सांगितलं: तीन दिवस पाण्यात भिजत ठेवा.

दहा वाजता तेच. बारा वाजता तेच. तोंडून सुटलेला शब्द परत येत नाही हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. पण तोंडून सुटलेला शब्द निदान एकदाच सुटतो. हा तिचा शब्द विचारेल त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा उच्चारला जात होता, तिच्याच नावाने, न थकता. तिने आकड्यांचं पान उघडलं आणि लगेच मिटलं. अकरा हजारांचे सतरा हजार झाले होते. आता तिला समुद्रावरचे दिवे दिसेनात. बादल्या दिसायला लागल्या. अंगणाअंगणात, गॅलरीत, न्हाणीत, झाकण घालून ठेवलेल्या सतरा हजार बादल्या.

प्राप्तो परतल्यावर तोही फोन घेऊन बसला. बातामचा युलियांतो शोधायला लागला. “वेल्डर युलियांतो, बाताम,” तो पुटपुटला. “तिथे युलियांतो म्हणजे आपल्याकडे नारळाचं झाड. कुठल्या झाडावर चढू?” पण त्याच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. त्याने सव्वीस जणांना संदेश धाडले. चौघांनी उत्तर दिलं, त्यांतल्या कुणाचीही बायको नुर्मा नव्हती.

दुपारी सिंबोकने सुनेपुढे भाताची ताटली ठेवली आणि स्वतः बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन टेकली. ती सहसा तिथे बसत नसे. ती जागा पालुपीची आहे असं तिने मनाशी ठरवून टाकलेलं होतं.

“खा. तो येईल.”

“कशावरून, बोक?”

“ज्याने येताना कुलोनुवुन म्हटलं, तो निरोप घेतल्यावाचून जायचा नाही. रीतीचं पोर आहे. तू दारातून हलू नकोस म्हणजे झालं.”

पालुपीने दोन घास खाल्ले. तीन वाजले. डोंगरावर ढग चढले आणि तसेच उतरले. असरची, तिसऱ्या प्रहरची बांग झाली. ती नमाज पढून आली, आणि त्या दिवशी बहुधा पंधराव्यांदा तिने तोच प्रश्न विचारला.

उत्तर यायला एक क्षण जास्त लागल्यासारखं वाटलं.

“गाडुंग नेहमी वाहत्या पाण्यात भिजवावं. बादलीत किंवा टपात भिजवल्यास विष पाण्यातच राहतं आणि ते खाणं जिवावर बेतू शकतं. वाहतं पाणी नसेल तर तयार गाडुंग विकत घ्यावं. डोंगराळ भागातल्या एका आजींच्या सांगण्यानुसार, मासा ज्याला शिवत नाही, ते माणसाने खायचं नाही.”

पालुपी हलली नाही. हात लावला तर पुसून जाईल, असं तिला वाटलं. सकाळी चुलीपाशी धुरात बसून सांगितलेलं, एका बोटाने ठोकलेलं, गोठ्याशेजारच्या पाहुण्यासारख्या रेंजमधून सोडलेलं ते बोलणं कुठल्याशा न दिसणाऱ्या वाटेने गेलं होतं. ती कुणाचे पाय धरायला गेली नव्हती, कुणाचं दार तिला माहीत नव्हतं. तरी ते पोचलं होतं, आणि कुणीतरी, किंवा कुणीच नाही अशा कशाने तरी, ते वाचून, समजून, आपलं म्हणणं बदललं होतं. सकाळपासून ज्याचा तिला राग येत होता, त्याच्यापुढे आता तिची मान आपसूक खाली गेली.

“बोक,” तिने हाक मारली. “बोक, ऐका.”

सिंबोकने ऐकलं. शेवटचं वाक्य आलं तेव्हा तिने चटकन मागे वळून बघितलं, जणू कुणी ओढ्याकडून बोललं.

“हे माझ्या आईचं आहे,” ती हळूच म्हणाली. “मी आठ वर्षांची होते. त्या खडकावर बसून तिने सांगितलं होतं. ती कधी डोंगर उतरली नाही गं.” आणि लगेच, “परत लाव.”

पालुपीने परत लावलं. सतरा हजार दारांत आता एक म्हातारी उभी होती, कधी डोंगर न उतरलेली.

पण बाताममधला तो एक अजून गप्प होता. पाच वाजले. सव्वापाच. मगरिबला अर्धा-पाऊण तास उरला. पालुपी पान उघडत होती, मिटत होती. प्राप्तो बकऱ्यांना पाला टाकता टाकता दर मिनिटाला मान वळवत होता.

पाच वाजून बावीस मिनिटांनी खाली नवा मजकूर उमटला.

“कुलोनुवुन, म्बाक. परत आलो. तेल किती तापवायचं ते वर विचारायला गेलो, तर मासा आला. मागच्या वेळी मासा नव्हता. माझ्या बादलीत तर मासा नाही, म्हणून विचारायला आत आलो. तळू का?”

पालुपीने उत्तर लिहायला बोटं उचलली, तेवढ्यात फोनच वाजला. मजकूर टाकल्यावर त्याला वरचं उत्तर आणि नंबर दिसला होता. पलीकडे गिरणीसारखा पंख्याचा आवाज, आणि एक संकोचलेला तरुण गळा.

“म्बाक पालुपी का? माफ करा, असा एकदम फोन...”

“खाल्लं का? कुणी खाल्लं का?”

“नाही, म्बाक. मगरिबच्या आधीच तेल तापत ठेवलंय.”

“विझव! आधी विझव!” पालुपी इतक्या जोरात ओरडली की कुडामागची बकरी दचकून मागे सरली.

पलीकडे खटका दाबल्याचा आवाज आला. मग पालुपीला रडूच कोसळलं, आणि सिंबोकने तिच्या हातातला फोन काढून घेतला. तिने तो उलटा धरला होता, प्राप्तोने सुलटा करून दिला.

“पोरा, पाणी बदललं होतंस का?”

“एकदा, म्बाह,” आजीला म्हणावं तसं तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी. फेसाळलं होतं.”

“फेस आला आणि तरी तुला शंका नाही आली? वेल्डिंग करतोस का झोपा काढतोस?”

“म्हटलं, यंत्र एवढं शहाणं आहे, त्याला विचारून केलंय...”

“यंत्राला ओढा माहीत नव्हता रे. त्यात त्याची काय चूक? आम्ही दोघींनी त्याला सांगितलाच नव्हता.” सिंबोकचा आवाज मऊ झाला. “आता ऐक. ते सगळं एका पिशवीत बांध, खोल खड्डा कर आणि पुर. मांजर-कोंबडी पोचता कामा नये. हात साबणाने धू. कढईसुद्धा घास. आणि बायकोला दे फोन.”

नुर्मा फोनवर आली. तिला काहीच माहीत नव्हतं. नवरा आश्चर्याचा धक्का देणार होता, तो भलतीकडूनच बसला होता. दोघींचं काय बोलणं झालं ते पालुपीला नीट ऐकू आलं नाही, कारण सिंबोक चुलीकडे तोंड करून बोलत होती, जसं शेजारच्या घरच्या सुनेशी बोलावं. एवढंच कळलं की काप किती पातळ करायचे आणि नुर्माची आई त्यात लसूण घालायची की नाही, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी सिंबोक म्हणाली, “पाठवते. आठ-दहा दिवस लागतील. तोवर कैरी खा.”

“निरोप घेते, म्बाह,” पलीकडून आलं.

“मोंग्गो, मोंग्गो,” सिंबोक म्हणाली. निघणाऱ्यालाही हेच म्हणतात, आत येणाऱ्यालाही. पण सिंबोकने ते आत येणाऱ्याला म्हणावं तसं म्हटलं.

त्या आठवड्यात सिंबोकने नवा कंद खणून आणला. राख, दगड, ऊन सगळं झालं, आणि तिसऱ्या दिवशी दोघी ओढ्याच्या काठावर जाऊन बसल्या. पालुपीने वही आणली होती, पावोनवरची सगळी जुनी पानं तीत टिपून. तिच्या मनातून बाकीचे काही केल्या जात नव्हते. त्या पहिल्या वीसेक दिवसांत ज्यांनी तीन ओळी वाचल्या आणि दारात न येता निघून गेले, त्यांतल्या किती जणांनी बादली भरली, ते तिला कधीच कळणार नव्हतं. तिने पानावर तसं स्वच्छ लिहून टाकलं होतं: आधी माझ्याकडून चूक झाली होती, कुणी तसं भिजवलं असेल तर फेकून द्या. ते वाक्यही त्या वाटेने जाईल, अशी आशा.

“बोक, केळफुलाच्या भाजीत आपण मीठ कधी घालतो?” तिने विचारलं.

“हा काय प्रश्न झाला?”

“सांगा ना. जे विचारायची मला कधी गरज वाटली नाही, तेच विचारतेय आता. चूल कसली, पाणी कुठलं, सावलीत की उन्हात. ज्याने हा डोंगर बघितला नाही त्याला सांगताय, असं समजून सांगा.”

“म्हणजे त्या तुझ्या यंत्रीण पोरीला?”

“तिलाही.”

सिंबोकने पदर खोचला. मग पायरीपायरीने सांगू लागली, अगदी पहिल्यापासून, केळ कुठल्या बाजूला लावतात इथपासून. पालुपी लिहीत होती. पाण्यातली टोपली वेलीला ताण देत डुलत होती. बऱ्याच वेळाने सिंबोकने बोलता बोलता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हनुवटीने पाण्याकडे खुणावलं.

एक आला होता, बोटाएवढा. टोपलीच्या कडेशी थबकला, आणि त्याने पहिल्या चकतीला तोंड लावलं.